झांज खाणारं यंत्र

"माजी झांज कुटं हाय? मास्तर, भाईर या! माजी झांज कुटं गेली ते सांगा आदी!"

दुपारचे दोन वाजले होते. दारात नरसय्या उभा. डोक्यावर ओला टॉवेल, काखेत दुसऱ्या टॉवेलात गुंडाळलेला सीडी प्लेअर, आणि त्याची वायर शेपटीसारखी मागं धुळीत लोळत आलेली.

"अरे, हळू बोल की," मी म्हणालो. म्हणालो म्हणजे मीही ओरडलोच.

"दाराभाईर बसवलंत मला तितं रेकॉर्डिंगला, तवाच माज्या मनात आलंतं. पखवाज हाय ह्यात. तुमची पेटी हाय. बुवाचा खोकला सुदिक हाय! झांज तेवडी न्हाय. कापली तुमी मला!"

गल्लीतली चार दारं उघडली आणि पुन्हा लागली. भांडण नाही, नुसतं बोलणं चाललंय, एवढं त्यांना कळलं. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत हळू बोलणाऱ्याच्या घरी कुणी आजारी आहे का, असं विचारायची रीत होती. गुपित सांगायचं तर माणूस दोन गल्ल्या ओलांडून जायचा, तिथं सांगायचा, आणि तो घरी पोचायच्या आत ते गल्लीला कळलेलं असायचं.

यंदाही चैत्र सरला आणि तेच ऊन परत आलं. सोलापूरचं ऊन बाहेरच्या माणसाला आहे तसं सांगून पटत नाही, म्हणून मी थोडं वाढवून सांगतो. मग त्याला बरोबर तेवढं कळतं. माझा एक साडू मोहोळचा. मोहोळ काही हिमालयात नाही. पण गडी मे महिन्यात आमच्याकडं आला, ओट्यावरच्या माठातलं पाणी प्याला आणि आत बघून म्हणाला, "वैनी, चहात साखर घालायची राहिली." आमच्या पत्र्यावर मांजर चढलं की चारी पाय एका वेळी उचलायचं, ते हवेतच पुढं सरकायचं. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. निदान एक पाय तरी.

पण तेव्हा या उन्हाला आवाज होता. दर चौथ्या घराच्या मागं शेड आणि शेडमध्ये माग. खटाक-खट, खटाक-खट. दिवसपाळी, रातपाळी. भिंतीला पाठ लावून बसलं तर बरगड्यांत वाजायचं. मधेच वीज गेली की सगळं एकदम थांबायचं, आणि पाळण्यातली पोरं त्या शांततेनं दचकून रडायला लागायची. आता बरेच माग भंगारात गेले. एका शेडचं मंगल कार्यालय झालं, दुसरीत लोकांच्या गाड्या उभ्या असतात. ऊन नुसतंच येतं, न बोलता, आणि दारात बसून राहतं. यंदा तर मला ते कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं वाटलं.

मी टॉवेलच्या कारखान्यात कारकून होतो. पंचवीस माग, त्यांच्या एका अंगाला माझी काचेची केबिन. काचेतून नरसय्या दिसायचा. दोन मागांच्या मधल्या बोळात उभा, एक डोळा या ताण्यावर, एक त्या ताण्यावर. तो तोंड उघडायचा आणि मला काही ऐकू यायचं नाही. मी तोंड उघडायचो आणि त्याला काही ऐकू यायचं नाही. अठ्ठावीस वर्षं आम्ही असे एकमेकांशी गप्पा मारल्या. खरं बोलणं व्हायचं ते शनिवारी, भजनात. तिथं मी पेटीवर, म्हणून मी मास्तर, आणि माझ्या डाव्या हाताला नरसय्या झांज घेऊन. कडा झिजून पातळ झालेली, पितळेची, रुंद झांज. आमच्या भजनी मंडळाचे गाणारे बुवा ओळ सोडायचे आणि पुढची उचलायचे, तेवढ्या फटीत तो ती अशी टेकवायचा, की वाटावं, बाईनं कपाळावर टिकली लावली. दिवसभर लोखंडात उभा राहणारा माणूस एवढं हलकं वाजवतो कसं, याचं मला नेहमी कोडं पडायचं.

मंडळाच्या भजनांची सीडी काढायची टूम माझीच. दहा-बारा वर्षं झाली असतील. विजापूर रोडला एका घराच्या गच्चीवर खोली होती, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले. तिथल्या पोरगेल्या साहेबानं सगळ्यांना बसवलं आणि नरसय्याला उठवलं. "काका, तुमचा आवाज फार पुढं येतो, तुम्ही दाराबाहेर बसा." झांजेचं तसंच असतं, ती लांब ठेवावी लागते, नाहीतर बाकीचे बुडतात. पण तीन तास तो माणूस जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून, दाराच्या फटीतून बुवांच्या मानेकडं बघत वाजवत होता.

सीड्यांचं खोकं आलं. कव्हरवर सगळ्या मंडळाचा फोटो, नरसय्या कडेला, अर्धा. आणि मग ध्यानात आलं की सीडी वाजवायचं यंत्र सतरा जणांत एकाच्याही घरी नाही. पत्रिका छापून झाल्या आणि नवरी शोधायची राहिली, तशातली गत. तेव्हा पाडव्याच्या मुहूर्तावर नवी पेठेतून आम्ही पाच जणांनी एकच मॉडेल उचललं. त्यातल्या त्यात स्वस्त. खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत हाय-फाय. दुकानदार म्हणाला, गाणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू येईल. मी गल्लीत येईपर्यंत त्यात थोडी भर पडली. मी सांगितलं, बुवांच्या मनात आलेला पण गायचा राहिलेला सूरही यात ऐकू येतो. नरसय्या तोवर घेऊ की नको करत होता. माझं ऐकून त्यानं घेतलं.

पाच यंत्रं आणि पाच तऱ्हा. पखवाजवाल्याचं यंत्र वीज आली की आपोआप ट्रे बाहेर काढायचं, घरच्यांना जीभ दाखवल्यासारखं. एकाचं तिरकं ठेवलं तरच वाजायचं, म्हणून त्याच्या डाव्या अंगाला कायमची वीट. माझं एकाच अर्ध्या ओळीवर अडकायचं. एकदा मी अंघोळीला गेलो आणि येईपर्यंत बुवा तेच चार शब्द म्हणत होते. शेजारीण दारातून हात जोडून गेली. तिला वाटलं, बुवांना समाधी लागली.

नरसय्याचं मात्र वाजेचना. मी ते घेऊन त्याच्यासोबत रफीककडं गेलो. रफीकचं दुरुस्तीचं दुकान एवढं लहान, की त्यानं स्क्रू फिरवायला कोपर काढलं की गिऱ्हाईकानं पोट आत घ्यायचं. त्यानं ट्रे उघडला, आत बॅटरी मारली आणि माझ्याकडं बघितलं.

"ये क्या है मास्तर? लेन्स को कुंकू?"

पाडव्याला नरसय्याच्या बायकोनं, लक्ष्मीवैनींनी, मागाची करतात तशी यंत्राची पूजा केली होती. माग असो, शिवणाचं मशीन असो, पहिलं बोट हळदीचं, दुसरं कुंकवाचं, आणि ते लावायचं जिथं यंत्राचा जीव असतो तिथं. वैनींनी ट्रे उघडून बघितला. आत एक चमकणारा डोळा दिसला. त्याच्याच कपाळी लावलं. चूक म्हणाल तर चूक. पण जीव कुठं आहे हे त्या बाईला बरोबर कळलं होतं.

कुंकू पुसलं, यंत्र वाजलं आणि त्या दुपारी नरसय्या माझ्या दारात ओरडत आला. पुन्हा रफीक. रफीकनं हेडफोन आधी स्वतःच्या कानाला लावला. त्याची मान झांजेवर हलायला लागली, अगदी ठेक्यात. मग त्यानं तो नरसय्याच्या कानांवर चढवला.

"आता?"

"पखवाज हाय. पेटी हाय." नरसय्या डोळे मिटून ऐकत होता. "झांज न्हाय."

रफीकनं आवाज वाढवला. अजून वाढवला. हेडफोनमधून बाहेर सांडणारी झांज मला हातभर अंतरावरून ऐकू येत होती.

"न्हाय की ओ," नरसय्या म्हणाला.

"अण्णा, वो तो एकदम साफ..." रफीक बोलायला लागला आणि मी त्याच्या पायावर पाय दिला. रफीकनं माझ्याकडं बघितलं, मग हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. तो पुढं कधीही या विषयावर बोलला नाही. खोटं बोलायला तो तयार नव्हता, एवढंच; आणि मी तयार होतो.

"नरसय्या," मी म्हणालो, "तुला कुणी कापलं नाही. यंत्र स्वस्तातलं आहे. जाड सूर त्याला सोसतात, बारीक सूर ते खातं. त्यात आपलं हे ऊन. पातळ पदर आधी वाळतो का जाड? तसंच सुराचं. झांज सगळ्यात बारीक. ती तारेतनं स्पीकरपर्यंत येईतो वाळून जाते."

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. लोक हसायचे, टाळी द्यायचे, पुढं जायचे. ही एकच थाप अशी निघाली की समोरच्यानं ती डोक्यावर घेऊन घरी नेली.

त्याला दुसरं काय सांगणार होतो? मंडळानं कापलं म्हणू द्यावं तर सतरा माणसांशी वैर. आणि खरं सांगावं, तर झांज सोडून त्या माणसाकडं स्वतःचं असं होतंच काय? माग मालकाचा, घर भाड्याचं, मुलगा पुण्याला जाऊन तिकडचाच झालेला. कुणालाही विचारलं, नरसय्या कोण, तर गल्ली सांगायची, झांजवाला. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलेलं कारण. निम्मं खरं होतं.

मग सुरू झाला तो उन्हाळा. नरसय्यानं झांज थंडाव्यात आणायचा चंग बांधला. यंत्राला ओला टॉवेल गुंडाळून झाला. यंत्र माठाच्या शेजारी बसवून झालं, टेबल-फॅन स्वतःवरून काढून यंत्रावर फिरवून झाला. लक्ष्मीवैनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत घामानं निथळत बसायच्या आणि समोर यंत्र वारा खायचं. "जावयाची बी एवडी बडदास्त न्हाय ठिवली ह्यांनी," त्या मला म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्यांच्या हातातलं पान तेवढं थांबलं, आणि त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी चपला घातल्या.

एके दिवशी पहाटेच्या गारव्यात त्यानं सीडी लावली आणि उजाडताच माझ्याकडं आला. तोंड धुतलेलं नाही. "मास्तर, आली! आज जराशी आली. लई बारीक. तुमाला येतीय का बगा." मी त्याच्या घरी गेलो. ऐकलं. म्हणालो, "हो, आली." खोटं नव्हतं ते. ती रोजच येत होती.

शनिवार मात्र बिघडत चालले. समोरासमोरची झांजही त्याच्या कानातून हळूहळू सरत असणार, कारण तो ती जोरात वाजवायला लागला. मग आणखी जोरात. बुवांनी ओळ उचलली की झांज तिच्यावर अशी पडायची जशी जिन्यावरून परात. टिकली लावणारा हात घण मारायला लागला होता, आणि चेहरा मात्र तसाच, हलकं वाजवणाऱ्या माणसाचा. पोरं कानांवर हात ठेवायची. तो मान डोलवायचा. एका शनिवारी तो पाणी प्यायला उठला तेवढ्यात बुवा म्हणाले, "मास्तर, नारळी पौर्णिमेला देवाच्या रथापुढं वाजवायचंय. हे असं चालायचं न्हाय. दुसरा झांजवाला बगितलाय मी. नरसय्याला तुमी सांगा. तुमचं तोंड गोड हाय."

चार दिवस मी टाळले. पाचव्या दुपारी निघालो. डांबर चपलेला चिकटत होतं. त्याच्या गल्लीच्या तोंडाशीच झांज ऐकू आली. दार सताड उघडं. नरसय्या यंत्रासमोर पालथी मांडी घालून बसलेला, सीडी चालू, आणि हातात त्याची झांज. मला बघून तो ओरडला, "मास्तर, बसा! मशीन खातंय न्हवं? खाऊ दे. मी भाईरनं घालतो. आता बगा कशी पुरी होतीय!"

मी बसलो. सीडीवर झांज होती. त्याच्या हातात झांज होती. जिन्यावर बसून वाजवलेली आणि इथं बसून वाजवलेली, दोन्ही एकाच क्षणाला पडत होत्या. केसाचंही अंतर नव्हतं. त्याला पहिली ऐकू येत नव्हती आणि तरी हात चुकत नव्हता. तीस वर्षं पेटी वाजवतोय, मी असं काही पुन्हा ऐकलं नाही. हे वाढवून सांगत नाही.

मला वाटलं, उठावं आणि जावं. पण वीज गेली. सीडी थांबली, लांबवरचे माग थांबले, आणि त्याची एकटी झांज दोन घाव पुढं गेली आणि थांबली.

कबुली हळू आवाजात द्यायची असते. आमच्याकडं ती सोय नव्हती.

"नरसय्या," मी म्हणालो, "झांज आहे त्यात."

"काय?"

"सीडीत झांज आहे!"

"काय म्हनता?"

"झांज आहे! पहिल्यापासून आहे! सगळ्यांना ऐकू येते! तुला येत नाही! तुझे कान गेलेत नरसय्या!"

वीज नसलेल्या गल्लीत ते शेवटच्या घरापर्यंत गेलं. दारं उघडली, आणि या वेळी लागली नाहीत. लक्ष्मीवैनींनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. नरसय्या माझ्या ओठांकडं बघत होता, जसं मागांच्या बोळातून काचेकडं बघायचा. मग त्यानं झांजेची दोरी बोटांतून सोडवली, दोन्ही तबकड्या एकीवर एक ठेवल्या आणि माझ्या पुढ्यात सरकवल्या. "ज्याला द्यायची त्याला द्या," तो म्हणाला. दुसऱ्या झांजवाल्याबद्दल मी अजून अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं काचेच्या एका लहान खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेर बाकावर. काचेतून तो दिसत होता, बटणावर अंगठा ठेवून, भजनात बसावं तसा ताठ. डॉक्टरीणबाई यंत्राचं चक्र फिरवत राहिल्या. सुरुवातीला तीन-चारदा अंगठा हलला. नंतर किती तरी वेळ हललाच नाही. तो वाट बघत होता.

बाईंनी कागदावर एक रेघ काढली. सरळ चाललेली आणि मग विहिरीत उतरल्यासारखी. त्याच्याकडं तोंड करून, सावकाश शब्द उच्चारत त्यांनी विचारलं, "कामावर कानात काही घालत होता का, काका? बुचं वगैरे?"

"न्हाय," नरसय्या म्हणाला. "तसलं काय नव्हतंच तितं."

आता उरलेलं निम्मं सांगतो. होतं. कुठल्याशा तपासणीच्या आधी कारखान्यात एक खोकं आलं होतं, पिवळी रबरी बुचं, जोड्या-जोड्यांनी. मालक म्हणाले, कपाटात ठेवा. मी ठेवली. पगाराच्या दिवशी एका कोऱ्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कशाच्या ते कुणी विचारलं नाही. नरसय्याची सही तेलुगू वळणाची, मला अजून आठवते. तपासणीचे साहेब केबिनमध्ये बसले, खोकं बघितलं, कागद बघितला, शेंगाची चटणी बांधून घेऊन गेले. मालकांनी वाटा म्हटलं नाही, मी वाटू का म्हटलं नाही. एक जोडी तेवढी फोडली. मीच. दुपारी केबिनमध्ये डुलकी काढायला बरी पडायची.

आणि इतकी वर्षं मी मनाशी एक उत्तर तयार ठेवलं होतं. विणकर बुचं घालत नसतो. धागा तुटला की डोळ्याआधी त्याच्या कानाला कळतं, मागाची चाल बिघडली की कानाला कळतं. कान बंद करून तो काम करेल कसा? उत्तर चांगलं होतं. कुणालाही पटलं असतं.

दवाखान्याच्या बाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही निंबाच्या तुटपुंज्या सावलीत उभे राहिलो. गरम वारा, ट्रकांची रांग. त्या गलक्यात मी त्याला सगळं सांगितलं, ओरडून, खोक्यापासून सहीपर्यंत, डुलकीसुद्धा. तो माझ्या तोंडाकडं बघत शेवटपर्यंत ऐकत होता. त्याची नजर हलेना, तेव्हा मीच जोडलं, "तसं म्हणा, दिली असती तरी तुम्ही लोकांनी ती घातली नसतीच."

नरसय्यानं डॉक्टरांच्या कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

"मी घातली असती," तो म्हणाला.